देवरे सरांची शिरगणती

देवरे सर खोलीत आले की आधी मोजायचे. ओठ न हलवता, डावीकडून उजवीकडे नजर फिरवून. मग हळूच आकडा उच्चारायचे, स्वतःशीच. "सात." निघताना दारात थांबून पुन्हा तेच. चहाच्या टपरीवर, बसमध्ये, मीटिंगमध्ये, कुणाच्या मयतीलासुद्धा. ऑफिसात सगळ्यांना त्याची सवय झाली होती. मला ते लक्षात यायला आठवडा लागला आणि त्यातली चूक कळायला महिना. खोलीत आम्ही आठ जण असलो की सर सात म्हणायचे. मी मनातल्या मनात अनेकदा पडताळून पाहिलं. दर वेळी एक कमी. सर स्वतःला धरत नव्हते.

हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही. त्या काळी मी कुणालाच फारसं काही बोलून दाखवत नसे. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, घरात वऱ्हाडी वळणाची मराठी, गल्लीत गुजराती. तिन्ही भाषा येत होत्या, त्यामुळे तिन्ही भाषांत गप्प बसता येत होतं. वडील सुरतेजवळच्या सचिन गावी, कापड रंगवण्याच्या एका डाइंग कारखान्यात सुपरवायझर होते. मी कंप्युटरचा सहा महिन्यांचा कोर्स केला आणि शहराच्या कचेरीतल्या नियोजन विभागात ऑपरेटर म्हणून लागले. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती ती. विभागात एकच कंप्युटर होता आणि त्याच्यासाठी काचेची वेगळी खोली होती. एसी फक्त तिथे. साहेबांच्या केबिनलाही नव्हता. आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. देवरे सर चपला काढून, पायपुसण्यावर दोन्ही पाय नीट पुसून, देवळात शिरावं तसे आत येत.

सर मुळात मास्तर. शहरातल्या एका मराठी शाळेत चौथीला शिकवायचे. अक्षर सुरेख आणि पायी फिरून वस्त्या पाठ, म्हणून त्यांना आमच्या विभागात उसनं घेतलं होतं. बारीक अंगकाठी, पन्नाशीचं वय, पांढरा हाफ शर्ट. शाळा सुटली तरी खडू सुटला नव्हता. शर्टाच्या खिशात एक खडू कायम असे आणि त्या खिशाचा कोपरा कायम भुरकट. छत्री बाराही महिने बरोबर, मागे कॉलरला अडकवलेली. डब्यात कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. बायको-मुलं गावी, धुळ्याकडे. स्वतः बमरोलीच्या पुढे खाडीकाठच्या एका वस्तीत एका खोलीत राहायचे. त्या वस्तीला कागदावर नाव नव्हतं. ती रस्त्यापेक्षा खोलात होती, म्हणून लोक तिला खालची लाइन म्हणत.

गुजराती मंडळी त्यांना मास्तर म्हणत. मी सर म्हणायचे. ते मला पहिल्या दिवशी "बेन" म्हणाले, मी मराठी आहे असं कळल्यावर "ताई", आणि पुढे कधीतरी आपल्या अहिराणी सवयीनं "माय" म्हणू लागले. बावीस वर्षांच्या मुलीला कुणी माय म्हणावं याचं मला अवघडल्यासारखं व्हायचं. नंतर आवडू लागलं.

मोजण्याची खोड कुठून लागली हे त्यांनी मला एकदा जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. फार वर्षांपूर्वी ते चौथीच्या मुलांना बारडोलीकडचा एक साखर कारखाना दाखवायला घेऊन गेले होते. सकाळी बसमध्ये चढताना मुलं मोजली. कारखान्यात गाळप बघितलं, गरम रस प्यायले, परत बसमध्ये बसले. उतरताना मोजली तर एक मुलगी कमी.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. तीच बस उलटी वळवली. सगळा रस्ता माझ्या डोळ्यासमोर ते गाळपाचे रोलर फिरत होते." सरांनी भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला होता. "पोरगी उसाच्या गाडीत झोपलेली. गाडी रांगेत पुढे सरकत सरकत पार तोंडाशी आलेली. आणखी तीन गाड्या, की तिची पाळी. उठवली तर मला म्हणते, सर, एवढ्यात निघायचं?"

मी हसले. सर हसले नाहीत.

"तेव्हापासून आत गेलेले आणि बाहेर आलेले जुळल्याशिवाय मला घास जात नाही," ते म्हणाले आणि हातातला तुकडा परत डब्यात ठेवला.

आमच्या विभागाकडे त्या वर्षी एक काम आलं होतं. पावसाळ्यात वरच्या धरणाचं पाणी सोडलं की नदी फुगते, मग खाडीचं पाणी नदीत शिरू शकत नाही आणि उलटं वस्त्यांत येतं. तेव्हा कोणत्या वस्तीत भोंग्याची गाडी पाठवायची, कुठे होडी ठेवायची, कुणाला कोणत्या इमारतीच्या गच्चीवर न्यायचं, याची यादी करायची होती. गाड्या दोन, होड्या तीन. त्यामुळे नियम ठरला: तीनशेच्या वर लोकसंख्या असलेली वस्तीच यादीत येईल. आणि लोकसंख्या धरायची ती एक्क्याण्णवच्या जनगणनेची, कंप्युटरवर येईल तीच. साहेबांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. प्रत्येक पुढारी आपापल्या वस्तीचा आकडा फुगवून आणायचा.

"अब तो सब ऑनलाइन," साहेब म्हणायचे. हा शब्द तेव्हा नवीन होता आणि ते तो नवा शर्ट घातल्यासारखा वापरायचे. "राजधानी से सीधा आंकडा. कोई झोल नहीं."

ऑनलाइन म्हणजे काय, तर मंगळवारी आणि शुक्रवारी अकरा ते बारा टेलिफोनच्या तारेवरून राजधानीतल्या केंद्राला जोडून घ्यायचं. मोडेम किंचाळायचा, गुरगुरायचा, मग शांत व्हायचा. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं यायची. जिल्ह्याचा नंबर दाबा. तालुक्याचा दाबा. शहराचा, मग वॉर्डाचा. वॉर्डापर्यंत सगळं सुरळीत. वॉर्डाचा एकूण आकडा येई, त्यात पुरुष किती, स्त्रिया किती, शिकलेले किती. पण आम्हाला वस्ती हवी होती, म्हणजे वॉर्डाच्या पोटातला गणनेचा ब्लॉक. त्याचा नंबर दाबला की पडदा बराच वेळ तसाच राही, आणि मग इंग्रजीत ओळ येई की तपशील उपलब्ध नाही. कधी सांगे, नंबर चुकीचा आहे. कधी आकडे येऊ लागत, अर्धा तक्ता उमटे, आणि शेजारच्या खोलीत कुणीतरी फोन उचले. लाइन तुटे. पुन्हा जिल्ह्यापासून सुरुवात.

यावर सरांनी उपाय काढला. अकरा वाजले की ते शेजारच्या खोलीत त्या फोनपाशी स्टूल टाकून बसायचे. कुणी रिसीव्हरकडे हात नेला की ओरडायचे, "उचलू नका हो! लाइनवर माणसं आहेत!"

"कोण माणसं, मास्तर?"

"सगळी. वॉर्डातली. अर्ध्यात पडतील बिचारी."

लोक हसायचे. मीही काचेआड हसायचे. सर मात्र बारा वाजेपर्यंत फोनवर पंजा ठेवून बसलेले असत.

इतर वस्त्यांचे ब्लॉक हळूहळू मिळाले. खालच्या लाइनचा सगळ्यांत शेवटी, उन्हाळा संपताना आला. एका शुक्रवारी पडद्यावर पूर्ण तक्ता उमटला. मी काचेवर टकटक केलं. सर चपला काढून, पाय पुसून आले, माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. मी एकूणावर बोट ठेवलं. एकसष्ट.

मला वाटलं, चुकीचा ब्लॉक आला. मी नंबर पुन्हा पाहिला. बरोबर होता.

"सर, एवढी मोठी वस्ती आणि एकसष्ट?"

सरांनी वाकून तो तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. एसीचा आवाज येत होता. मग म्हणाले, "कंप्युटरची चूक नाही, माय. तो आकडा माझाच आहे."

एक्क्याण्णव साली शिरगणतीला मास्तर लोकांनाच जुंपलं होतं आणि खालची लाइन सरांच्या वाट्याला आली होती. राहतात तिथेच, म्हणजे सोपं काम, असं सगळ्यांना वाटलं. सर दारोदार गेले. दर दारात एकच उत्तर. "आमनं नाव गावले शे, मास्तर." आमचं नाव गावाला आहे. त्यांचे आई-बाप गावी होते, रेशनकार्ड गावी होतं, जमिनीचा असेल नसेल तो तुकडा गावी होता. इथे नाव लागलं तर तिथलं तुटेल, ही धास्ती. म्हणून गावी गणतीवाला आला तेव्हा म्हाताऱ्यांनी सुरतेला असलेली पोरं, सुना, नातवंडं सगळी आपल्या घरात सांगून टाकलेली. प्रशिक्षणात सरांना बजावलं होतं, माणूस जिथे राहतो तिथे मोजा. पण सरांना वाटलं, गावी मोजलेला माणूस इथे परत मोजायचा म्हणजे एकाच मुलाची दोनदा हजेरी लावायची. ते त्यांच्या हातून होईना. त्यांनी लोकांचं ऐकलं.

"आणि कुलपं," ते म्हणाले. "निम्म्या दारांना कुलूप. मी लिहिलं, बंद घर."

"मग हे एकसष्ट कोण?"

"ज्यांना गावच उरलं नव्हतं ते."

मी विचारलं, "आणि तुम्ही, सर?"

"माझं नाव भावानं गावी सांगितलं होतं. माझ्या खोलीसमोर मी आडवी रेघ मारली."

त्या दिवशी ते निघताना दारात थांबले. मोजायला तोंड उघडलं आणि न मोजताच गेले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी खालच्या लाइनची गणती नव्यानं सुरू केली. कुणी सांगितलं नव्हतं. ऑफिस सुटल्यावर आणि रविवारी. निळ्या पुठ्ठ्याचं लांब रजिस्टर विकत आणलं, रकाने आखले. एका रविवारी मला म्हणाले, "येतेस? बायका माझ्याशी बाळंतपणाचं, लहान मुलांचं नीट बोलत नाहीत." मी घरी ऑफिसचं काम असं सांगून गेले.

रस्त्यावरून दहा-बारा पायऱ्या उतरून वस्तीत जायचं. उतरताना हवा बदलायची. खाडी त्या दिवशी जांभळी होती. वरच्या गिरण्या ज्या रंगाचं कापड रंगवत, त्या रंगाचं पाणी खाली येई. दारात बसलेल्या मुली मला सांगत होत्या की काल हिरवं होतं, आणि कालचं जास्त छान होतं. खोल्या विटांच्या, वर पत्रे. भिंतींवर माझ्या कमरेच्या उंचीला एक तपकिरी पट्टा सगळ्या घरांवरून सलग गेला होता. मला आधी वाटलं, रंगवलेला आहे. नंतर कळलं, तो मागच्या पाण्याचा होता.

मंगलाबाई म्हणून एक ठसठशीत बाई होती, साडीला खडे चिकटवण्याचं काम घरी करायची. सरांना पाहून तिनं पाटी बाजूला सारली.

"काय मास्तर, परत मोजायले आले का? मागल्या टायमाले कमी पडलो का आम्ही?"

"कमी पडले, मंगलाबाई. माझ्यामुळे पडले."

"तुम्हीच तं म्हणे होते, दोन जागी नाव लागलं तं लबाडी होती म्हणून."

"चुकलो."

मास्तर चुकलो म्हणाल्यावर ती जरा गडबडली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "ही कोन? सून आणली का?"

"ऑफिसातली ताई आहे. कंप्युटर चालवते."

"अशी गप? कंप्युटर बोलस का तिच्याबदली?"

सगळ्या बायका हसल्या. मी रजिस्टरात डोकं घातलं. एक म्हातारी पुढे आली, तिनं सरांचा हात धरला. "लिहू नको रे भाऊ. गावनं रेशन तुटी जाई."

"नाही तुटणार, आजी. हे पाण्यासाठी आहे."

"नळ येई राहिना का?" नळ येतोय या आशेनं तिचा चेहरा उजळला.

"नळाचं नाही, आजी," ते म्हणाले. त्यांनी भिंतीवरच्या तपकिरी पट्ट्यावर नुसतं बोट टेकवलं. म्हातारीनं हात सोडला आणि आपल्या घरातली नावं सांगायला लागली.

त्या दिवशी मला कुलपांचं कळलं. लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागांवर, पाळ्या दोन, बारा-बारा तासांच्या. एका खोलीत दिवसपाळीवाले आणि रातपाळीवाले असे दोन संच राहायचे. खाट एक, माणसं दोन. दिवसपाळीवाला सकाळी जाताना बाहेरून कुलूप लावायचा, म्हणजे रातपाळी करून आलेल्याला कुणी उठवणार नाही, पोरं दार वाजवणार नाहीत. कुलूप बाहेर, माणूस आत. चावी शेजारी. सर आता कुलूप दिसलं की पत्र्याच्या दाराला कान लावत. आतून घोरणं ऐकू आलं की खिशातला खडू काढून दारावर एक उभी रेघ ओढत. दोन माणसं असतील तर दोन. मी मागे वळून पाहिलं तर अख्ख्या गल्लीच्या कुलूपबंद दारांवर पांढऱ्या रेघा होत्या. का कोण जाणे, मला ते बघवलं नाही.

एका दारावर मात्र काहीच नव्हतं. "ही कुणाची?" मी विचारलं.

"माझी," सर म्हणाले आणि पुढच्या दाराकडे गेले.

नवा आकडा आला सातशे अठरा.

मीटिंग पावसाळ्याच्या तोंडाशी झाली. सरांनी निळं रजिस्टर साहेबांपुढे ठेवलं. साहेबांनी पानं चाळली. अक्षर बघून कौतुकानं मान हलवली.

"मास्तर, आ बधुं तमे गणेलुं छे," ते म्हणाले. "सरकारे गणेलुं क्यां छे?" हे सगळं तुम्ही मोजलेलं, सरकारनं मोजलेलं कुठे आहे.

"साहेब, तेही मीच मोजलेलं आहे."

खोलीत कुणीतरी खुसकन हसलं. साहेबही हसले, पण लगेच गंभीर झाले. "तो पछी? तेव्हा चुकलात की आत्ता, हे मी कसं ठरवायचं? उद्या प्रत्येक वस्ती असं रजिस्टर घेऊन येईल." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बेन, कंप्युटर शुं कहे छे?"

मी त्या गल्लीत गेले होते. दारांवरच्या रेघा पाहिल्या होत्या. म्हातारीच्या घरातली नऊ नावं माझ्या हातानं लिहिली होती. टेबलाभोवती अकरा पुरुष बसले होते आणि सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या घशातून एवढंच निघालं, आणि तेही इंग्रजीत, "सिक्स्टी-वन, सर."

यादी कायम झाली. खालची लाइन तिच्यात नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत सर माझ्या टेबलापाशी आले, कागदाच्या पुडीतले भाजलेले शेंगदाणे ठेवले. "तू खोटं नाही बोललीस," ते म्हणाले. "आकडा तोच होता." ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

तो पावसाळा सुरुवातीपासून वेगळा वाटत होता, असं आता म्हणणं सोपं आहे. तेव्हा तो नेहमीसारखाच होता. वडील रोज छत्री विसरत होते. फक्त सरांचं मोजणं वाढलं होतं. मीटिंगमध्ये मध्येच मोजायचे. जिन्यात थांबून मोजायचे. एकदा त्यांनी मला विचारलं, "माय, कंप्युटरला फोन करून सांगता येत नाही का, की आकडा बदलला म्हणून?" मी म्हटलं, नाही, सर. आपण फक्त बघू शकतो, तिकडे लिहू शकत नाही. "एकाच बाजूनं बोलतो होय," ते म्हणाले.

ज्या दिवशी पाणी आलं त्या दिवशी शहरात सकाळपासून पाऊस नव्हताच. तो वर कुठेतरी पडला होता. धरणाचे दरवाजे उघडल्याचा निरोप दहाला आला. दोन्ही गाड्या यादीतल्या वस्त्यांकडे निघाल्या. दुपारी दोनपर्यंत खाडी उलटी फिरली होती.

खालच्या लाइनीत काय झालं ते मला मंगलाबाईनं नंतर सांगितलं. सर अकराच्या सुमाराला पायऱ्या उतरून आले ते शाळेची घंटा बडवतच. कुठून आणली कोण जाणे. खडूच्या रेघा असलेली दारं त्यांनी एकेक करून उघडवली, झोपलेल्यांना हाताला धरून उठवलं. पाणी घोट्याला लागेपर्यंत लोक त्यांची चेष्टा करत होते. मग कुणी चेष्टा केली नाही. रस्त्यापलीकडे दुमजली लूमचा कारखाना होता, त्याच्या गच्चीवर सगळ्यांना चढवलं. सर जिन्याच्या तोंडाशी रजिस्टर घेऊन बसले आणि एकेका नावावर टिक करत गेले. कामावर गेलेल्यांची नावं लूमवर निरोप पाठवून ताडून घेतली. शेवटची टिक केल्यावर रजिस्टर मिटलं आणि मोठ्यानं म्हणाले, "जुळले." मंगलाबाई म्हणाली, मास्तर पहिल्यांदाच असे हसताना पाहिले.

तेवढ्यात कुणालातरी आठवलं की गल्लीच्या टोकाच्या खोलीत आठ दिवसांपूर्वी जळगावकडचा एक नवा माणूस आला होता. रातपाळीचा. रजिस्टरात नव्हता, दारावर रेघ नव्हती. कुलूप होतं. सरांनी रजिस्टर मंगलाबाईच्या हातात दिलं आणि खाली उतरले. पाणी तेव्हा छातीला होतं. दोघांनी त्यांना धरलं, तर म्हणाले, "आतमध्ये एकाला ठेवून मला बसता येणार नाही रे."

तो माणूस खोलीत नव्हताच. त्या दिवशी त्यानं कुणाच्या तरी बदल्यात दिवसपाळी घेतली होती. सुखरूप होता. सर सापडले नाहीत. खाडी नदीला मिळते आणि नदी समुद्राला.

पाणी उतरल्यावर वरून विचारणा आली, कोणत्या ब्लॉकमध्ये किती माणसं बेपत्ता. खालच्या लाइनीसाठी साहेबांनी स्वतःहून निळं रजिस्टर मागवलं. पानं भिजून फुगली होती, पण अक्षर शाबूत होतं. त्यांनी एकेक टिक तपासली. मग मला म्हणाले, "लखो बेन. बेपत्ता, शून्य."

"एक, सर," मी म्हणाले.

साहेबांनी वर पाहिलं. मला वाटतं, माझा आवाज त्यांनी तोवर नीट ऐकलाच नव्हता. "रजिस्टरमां तो बधां छे. सगळे आहेत."

"देवरे सर. त्यांनी स्वतःला धरलं नव्हतं."

साहेबांनी रजिस्टर मिटलं, पुन्हा उघडलं. खोलीनंबर विचारला. त्या नंबरसमोर सरांच्या सुंदर अक्षरात काहीही नव्हतं, नुसती एक आडवी रेघ होती. मी एक लिहिलं. तो आकडा पुढे वर गेला की नाही, कोणत्या तक्त्यात बसला, मला माहीत नाही. पुढच्या कितीतरी शुक्रवारी मी तो ब्लॉक उघडून पाहिला. एकसष्टच होते.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते पाणी आलं त्या दिवशी, साडेदहाला. वेळ झाली नसतानाही मी लाइन लावून पाहत होते; ती लागत नव्हती, मोडेम नुसता किंचाळत होता. सर काचेच्या खोलीच्या दारात आले आणि चपला न काढताच आत आले. कुणी त्यांना काही म्हणालं नाही.

"यादीत घालता येतं का गं, माय? आत्ता?"

"लाइनच नाही, सर. आणि साहेब नदीवर गेलेत."

"गाडी?"

"दोन्ही गेल्या."

"बरं." त्यांनी खोलीवरून नजर फिरवली. "पाच," म्हणाले. मग खिशातला खडू काढून माझ्या टेबलावर ठेवला. "हा भिजेल." आणि गेले.

आम्ही सगळे खिडकीशी गेलो. सर फाटकापाशी पोचले होते. छत्री कॉलरला तशीच अडकवलेली, कारण रजिस्टर त्यांनी सूत भरून येतं तसल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. फाटकातून बाहेर पडताना थांबले, मागे वळून वर आमच्या खिडकीकडे पाहिलं. नजर डावीकडून उजवीकडे फिरली. ओठ हलले नाहीत. मग वळून बमरोलीच्या रस्त्याला लागले.

त्या वेळी मी मोजलं नाही. नंतर पुष्कळदा मोजलं. खिडकीत पाच, फाटकात एक. सहा.